आंटोनच्या बुटांच्या खुणा

त्या रविवारी दुपारी मी क्लबात गेलो तो विसरलेली छत्री आणायला. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत तेव्हा कारखान्यांच्या धुरानं दुपारीच दिवेलागण व्हायची. आमचा चित्रकारांचा क्लब म्हणजे खोगीरवाल्याच्या दुकानावरची एक खोली. आम्ही सगळे कफल्लक, मॉडेल परवडायचं नाही. म्हणून पाळीपाळीनं एकमेकांसमोर बसायचो. बसणाऱ्याच्या बुटांभोवती चौथऱ्यावर खडूनं रेघ ओढायची, म्हणजे तो पाय मोकळे करून आला की नेमका तिथंच बसे. चित्र पुरं झालं की रेघा त्यानंच पुसायच्या. तोवर त्याची सुटका नाही, असं आम्ही थट्टेनं म्हणायचो.

आमच्यातला थिओडोर एकटाच, त्यानं काढायला घेतलेल्या आंटोनच्या चित्रासमोर उभा होता. चित्र अर्धवट असतानाच आंटोन विषमज्वरानं गेला होता. त्याच्या लांबोडक्या बुटांच्या रेघा चौथऱ्यावर तशाच होत्या.

"विली, बरा आलास. बस तिथं. नुसते हातपाय राहिलेत."

"त्याच्या खुणांत? अरे, त्यानं पुसल्यासुद्धा नाहीत."

"मग काय, आता येणार आहे पुसायला? उद्या परीक्षक येतायत. हे चित्र निवडलं नाही तर माझं म्युनिकला शिकायला जाणं हुकलं, आणि मी जन्मभर बिअरच्या पिंपांवर लेबलं रंगवत बसेन."

मी बसलो. माझे बूट रेघांत चपखल बसले, ते मला मुळीच आवडलं नाही. टर्पेंटाइनचा वास, शेगडीत कोळशाची कुरकुर. हळूहळू तळव्यांतून गारठा वर चढू लागला. थिओडोर मन लावून रंगवत होता. मग त्याची नजर माझ्या खांद्यावर खिळली.

"विली... खांद्यावरचा हात काढ."

"माझे दोन्ही हात मांडीवर आहेत."

त्यानं माझ्या मांडीकडे पाहिलं, मग पुन्हा खांद्याकडे.

"थिओ... मी उठू का?"

"हलू नकोस," तो पुटपुटला. "हात फार सुरेख आहे रे."

आणि त्यानं तो रंगवला. मला त्याची भीती वाटली, हातापेक्षाही जास्त. ब्रश खाली ठेवल्याबरोबर मी जिना उतरून पळालो. रेघा पुसायचं भानच राहिलं नाही.

चित्र निवडलं गेलं. परीक्षकांनी त्या हाताचं तोंड भरून कौतुक केलं. थिओडोरला निरोप द्यायला आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. त्याची ट्रंक मी दोन्ही हातांनी उचलून धरली होती.

"हात काढ ना, विली," तो मागं न बघताच म्हणाला. "गार लागतोय."

त्याच्या काळ्या कोटाच्या खांद्यावर खडूची पाच बोटं उमटली होती. मी झटकली, रुमालानं घासली. ती निघाली नाहीत. गाडी सुटली.

म्युनिकला तो पोहोचलाच नाही. जहाजावरच तापानं गेला, आणि त्याचा देह समुद्रातच सोडला.

बातमी आली त्या दिवशी मी ओलं फडकं घेऊन क्लबात गेलो. आंटोनच्या रेघा आता तरी पुसाव्यात म्हणून. चौथऱ्यावर त्यांचा मागमूस नव्हता, कुणीतरी स्वच्छ पुसल्या होत्या. त्याच जागी बुटांची दुसरी जोडी आखलेली होती, आखूड आणि रुंद, थिओडोरच्या पायांसारखी. खडू अजून ओला होता. त्याला समुद्राचा वास येत होता.