तिसरी हाक

आमच्या जोगेश्वरीच्या घरात रात्री बाहेरून हाक आली, की तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. भुतं दोनदाच हाक मारतात म्हणे. मला नवीन सुनेला हे कोण सांगणार? परवा रात्रपाळीहून येऊन ह्यांनी हाक मारली आणि मी पहिल्याच हाकेला ओ दिली.

“दम धर की गं वहिनी!” नणंद पद्मजा खिदळली. “भूत असतं तर?”

सासऱ्यांचे थोरले भाऊ, दशरथकाका, हसले नाहीत. कंदिलाची वात बारीक करून म्हणाले, “बस, सूनबाई. आमच्या मिलमधल्या मधुकराचं सांगतो. त्यानं स्वतः मला सांगितलेलं.”

एक्कावन्न साल. चौदा डिसेंबर, शुक्रवार. मधुकर कांदिवलीला निघाला होता, जयवंताचं पदक त्याच्या बायकोला पोचवायला. दोघं लढाईत आरमारात एकत्र. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर जयवंतानं गोळ्यांच्या माऱ्यात होडी घातली, सतरा जखमी काढले. त्यात मधुकर. राहिलेल्यांना आणायला पुन्हा गेला, तो गेलाच. ना होडी मिळाली, ना देह. सरकारचं पदक यायला सहा वर्षं लागली.

रुक्मिणी एकटीच राहायची. पदक तिनं हातात धरलं, उलटं करून पाहिलं.

“भावजी, शेवटी काय म्हणाले हो?”

“म्हणाला, आलोच.”

पदक मुठीत मिटून ती म्हणाली, “सहा वर्षं मी दाराशी झोपते. हाक आली, तर ऐकू यायला हवी ना.”

शेवटची गाडी चुकली होती. मधुकर बाहेरच्या खोलीत आडवा झाला. त्या रात्री ती आत झोपली.

अडीच वाजले असतील.

“रुक्मिणी गो...”

मधुकर ताडकन उठला. तो आवाज त्यानं होडीत ऐकला होता. रुक्मिणी धावत आली. हात कडीवर.

“तेंचोच आवाज!”

मधुकरानं तिचं मनगट धरलं. “वहिनी, नको. तिसरी येवंदे.”

“सोडा...”

“तिसरी येवंदे!”

शांतता.

“रुक्मिणी गो...”

या खेपेला हळू. दमल्यासारखी.

दोघं उभी. ती दाराला कान लावून. तो मनगट धरून.

तिसरी...

काका थांबले. पद्मजा माझ्या अंगाला चिकटली होती.

“आली?” मी विचारलं.

“उजाडेपर्यंत उभी होती दोघं. नाही आली.”

“मग?”

“मग तिनं कडी काढली. थंडीचे दिवस. रात्रभर दव पडलेलं. कुंपण ओलं, अंगण ओलं, पायरी अख्खी ओली. फक्त मधोमध, एक माणूस टेकेल एवढी जागा... कोरडी.”

रुक्मिणी खाली बसली. त्या जागेच्या शेजारी, ओल्यात.