कणसाच्या पानातली चिठ्ठी

सोमवारी सकाळी आठ वाजता सेरा क्लाराच्या पोलीस चौकीत फोन खणखणला. पलीकडे सातपट कापणी मंदिराचे पास्टर वांदर्ले होते. प्रवचनाला लावतात तोच आवाज त्यांनी फोनवर लावला होता.

"वेदीवर चोरी झाली, बाईसाहेब! देवाची गाडी पळवली!"

इन्स्पेक्टर इरासेमा पोर्तेलाने कॉफीचा घोट गिळला. "देव गाडी कधीपासून चालवायला लागला?"

इरासेमाने टोपी उचलली.

हे मंदिर पूर्वी टायरचं गोदाम होतं. तेव्हा पैसे टाकले की निदान टायर तरी मिळायचा. आता तिथे लोक दर रविवारी कमाईचा दहावा हिस्सा टाकत आणि मोबदल्यात पुढच्या रविवारी पुन्हा यायचं आमंत्रण घेऊन घरी जात. पास्टरांनी यंदा नवी टूम काढली होती. ज्याच्यावाचून तुमचं पोट भरणार नाही तेच वेदीवर ठेवा, कापणीपर्यंत देव सातपट परत करील. आदल्या दिवशी सकाळी दोना झुल्मिराने आपल्या पांढऱ्या व्हॅनची चावी वेदीवर ठेवली होती. तिचा मुलगा एदिवान त्याच व्हॅनमधून गल्लोगल्ली पामोन्या विकायचा. मक्याचं वाटण कणसाच्या पानात बांधून उकडायचं आणि गरम गरम विकायचं, एवढ्यावर त्यांचं घर चालायचं.

"गाडी कुठे उभी होती?" इरासेमाने विचारलं.

"मागच्या आवारात. सकाळी पाहतो तर फाटकाचं कुलूप तुटलेलं."

"चावी?"

"वेदीवरच्या ताटात होती. तीही गेली."

"गाडीचं तुम्ही काय करणार होतात?"

"मी कोण करणारा?" पास्टरांनी हात वर केले. मनगटावरचं घड्याळ बाहीतून बाहेर आलं आणि लगेच आत गेलं. "वेदीवरचं सगळं मुख्य मंदिराचं. उद्या बिशपसाहेबांचा माणूस येऊन नेणार होता."

"संशय कोणावर?"

"नाव घ्यायला जीभ रेटत नाही," म्हणत त्यांनी नाव घेतलं. "एदिवान. काल सगळ्यांसमोर ओरडत होता, गाडी न्याल तर बघून घेईन म्हणून. आणि नुसती चावी मिळून काय उपयोग? सीटखालचं बटण दाबल्याशिवाय ती गाडी चालूच होत नाही. परका माणूस काय कपाळ चालवणार?"

इरासेमा भिंतीवरची पाटी वाचत होती. 'आशीर्वाद मिळाला की सात दिवसांत साक्ष द्या. जो गप्प बसतो, त्याचा आशीर्वाद उडून जातो.'

"हे खरंच पाळतात लोक?"

"जिवाला जपल्यासारखं पाळतात."

पाटीखाली एक मातीचा रांजण होता. तोंडाला कापड, त्यावर लाखेचा शिक्का.

"आणि हे?"

"भक्तांनी देवाला लिहिलेल्या चिठ्ठ्या, आमच्या पिवळ्या पाकिटांत घातलेल्या. कालच्या अर्पणाबरोबर सगळ्यांनी आपापल्या टाकल्या आणि सगळ्यांदेखत मी शिक्का मारला. सणाला डोंगरावर नेऊन, न उघडता जाळतो."

"तुम्ही वाचत नाही?"

"देवाचं टपाल, बाईसाहेब! मी कोण वाचणारा?"

हा माणूस कशातच कोणी नव्हता. फक्त घड्याळ तेवढं त्याचं होतं.

दुपारपर्यंत एदिवान कोठडीत होता. इरासेमाचे वरिष्ठ दर रविवारी मंदिरात पहिल्या बाकावर बसत. त्यांनीच वरून हुकूम सोडला. येत्या सोमवारी त्याला न्यायाधीशापुढे उभं करायचं होतं, आणि तिथून जिल्ह्याच्या तुरुंगात. तुरुंगात गेलेल्या माणसाच्या हातची पामोनी सेरा क्लारात कोणी खाल्ली नसती.

"गाडी नेलीस का रे?" इरासेमाने गजांबाहेरून विचारलं.

"मॅडम, नेली असती तर आत्ता विकत नसतो का बसलो? मका दारात सडतोय."

"ते बटण कधी बसवलंस?"

"तीन महिने झाले. बॅटरी चोरीला गेली तेव्हा. मला ठाऊक आणि आईला. बायकोलासुद्धा नाही सांगितलं, ती तिच्या बहिणीला सांगते आणि बहीण अख्ख्या गावाला."

दोना झुल्मिरा स्वयंपाकघरात होती. गाडी नसली तरी हात थांबत नव्हते. पानात वाटण भरायचं, घडी घालायची, पानाचीच पट्टी काढून गाठ मारायची. डोळे सुजलेले होते.

"बस गं बाई, खाऊन घे," ती म्हणाली.

इरासेमाने गाठ ओढली. पान टरकन फाटलं आणि वाटण तिच्या वर्दीवर सांडलं.

"अशी नाही सुटायची. माझ्या आईची गाठ आहे ती. सोडायला गेलं की पान फाटतंच, कात्रीच लावावी लागते. कोणी आधीच उघडून बघितलं तर गिऱ्हाइकाला कळायला हवं ना."

"मावशी, बटणाबद्दल कोणाला बोललात?"

"कोणाला नाही."

"चावी देताना पास्टरना?"

"नाही. चावी ठेवली न् रडले. बोलायला जीभ कुठे होती?"

"नक्की?"

"देवाशिवाय कोणाला नाही, बाई. शपथेवर सांगते."

इरासेमाने फाटलेलं पान उचलून उलटंपालटं करून पाहिलं. "चिठ्ठीत काय मागितलंत?"

"दुकान. एदिवानसाठी. डोक्यावर छप्पर आणि दोन खिडक्या. तेरा वर्षं उन्हात फिरतोय तो." तिने पदरासारखा ॲप्रन तोंडाला लावला. "पास्टर म्हणतात, लेकानेच चोरली असेल तर शाप सातपट लागेल, न्यायाधीशापुढे त्याच्याविरुद्ध साक्ष दे. अकरा वर्षं दहावा हिस्सा दिलाय मी. एका वर्षीही चुकवला नाही. आता देवाचं ऐकू की पोराचं?"

"अकरा वर्षांत मिळालं काय?"

"कॅलेंडर मिळतं दर वर्षी," झुल्मिरा म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"चिठ्ठी त्यांच्या पिवळ्या पाकिटात घातलीत?"

"ते पाकीट म्हणजे कांद्याचं साल. त्यावरून कणसाचं पान बांधलं."

इरासेमा उठली. त्या आठवड्यात तिने ना गॅरेजं पालथी घातली, ना नाकाबंदी लावली. वरिष्ठांनी विचारलं, तपास करताय की झोपा काढताय? ती म्हणाली, "साहेब, गाडी रविवारी आपणहून येईल. फक्त तुम्ही पहिल्या बाकावर बसा."

रविवारी सकाळी मंदिर गच्च भरलं होतं. इरासेमा शेवटच्या बाकावर झुल्मिराशेजारी बसली. साक्षी सुरू झाल्या. कोणाची पाठदुखी गेली होती, कोणाची सासू. मग मधल्या रांगेतून एक जाडजूड माणूस उठला. तो होता बेलार्मिनो, चाळीस किलोमीटरवरच्या खेड्यातला खाटीक. तो फक्त रविवारीच गावात यायचा.

त्याला बघताच पास्टरांनी माइक छातीशी धरला. "आजची वेळ संपली, बंधू. तुझी साक्ष पुढच्या महिन्यात."

"पास्टर, आज सातवा दिवस आहे!" बेलार्मिनो रडकुंडीला आला. "तुम्ही थांब म्हणालात म्हणून थांबलो. आज नाही बोललो तर उडून जाईल ना आशीर्वाद!"

"बोलू द्या त्याला," मागून इरासेमा म्हणाली. "पाटी तुमचीच आहे."

लोकांनी माना वळवल्या. बेलार्मिनोला माइकची गरज नव्हती.

"देवाने मला व्हॅन दिली! तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत! बहिणीच्या गोठ्यात उभी आहे, निळा रंग दिलाय. भारी गाडी. फक्त सीटखालचं बटण दाबायला लागतं."

झुल्मिरा ताडकन उभी राहिली.

"कोणाकडून घेतलीस?" इरासेमाने विचारलं.

"पास्टरांकडूनच की! गेल्या रविवारी संध्याकाळी. म्हणाले, देवाने खास तुझ्यासाठी राखून ठेवलीय, कोणाला बोलू नकोस, हेवा वाटेल."

वांदर्ले हसला. "साधा माणूस आहे, गोंधळलाय. बटणाचं झुल्मिरा मावशींनीच मला सांगितलं होतं, आणि चोराने..."

"मी?" झुल्मिरा ओरडली. "माझ्या डोळ्यात डोळे घालून बोल!"

इरासेमा वेदीपाशी गेली. तिने रांजणाचं कापड सगळ्यांसमोर कापलं, आत हात घातला आणि पिवळ्या पाकिटांतून एक पुडी शोधून काढली. कणसाचं पान मधोमध फाटलेलं होतं आणि वरून सुतळीची गाठ मारली होती.

"मावशी, ही गाठ तुमची?"

"सुतळी? आमच्या सात पिढ्यांत कोणी पामोनीला सुतळी बांधली नाही!"

"मग ऐका," इरासेमा लोकांकडे वळली. "वेदीवरची वस्तू मुख्य मंदिरात जाते. हे सोमवारी यांनीच मला सांगितलं. म्हणजे गाडी परस्पर विकायची तर ती आधी चोरीला जायला हवी. कुलूप यांनीच तोडलं. चोर म्हणून पोरगा तयार होता, भांडण सगळ्यांनी ऐकलेलं. पण गाडी चालू होईना. मग यांना आठवलं की म्हातारी सगळं मनापासून लिहिते. शिक्का काढला, पान सोडायला गेले, फाटलं. आतल्या चिठ्ठीत बटणाचं लिहिलेलं मिळालं, पण पान? नवं कुठून आणणार? सुतळी गुंडाळली आणि शिक्का पुन्हा मारला. शिक्का यांच्याच खिशात असतो. पोराला पक्कं अडकवायच्या घाईत बटणाचं माझ्यासमोर बोलून गेले. ते बटण तिघांनाच ठाऊक होतं. मुलाला, आईला आणि देवाला. देवाने काही मला फोन केला नव्हता."

"आणि गाडी आज येणार हे कसं ओळखलंत?" पहिल्या बाकावरून वरिष्ठांनी खालच्या आवाजात विचारलं.

"ज्याला ती स्वस्तात मिळाली असेल, तो याच मंदिरातला भोळा असणार. आणि इथला भोळा माणूस सात दिवसांच्या वर गप्प बसू शकत नाही. ती सवय यांनीच लावलीय."

वांदर्लेने मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे हवालदार उभा होता. कार्यालयातलं कपाट उघडलं तेव्हा आत चिठ्ठ्यांचे गठ्ठे निघाले, गल्लीवार लावलेले. कोणाकडे गाय, कोणाच्या गळ्यात साखळी, कोणाची जमीन वादात. देवाचं टपाल डोंगरावर कधी गेलंच नव्हतं.

बेलार्मिनो डोकं धरून बसला. "म्हणजे आशीर्वाद गेला?"

"गाडी गेली," इरासेमा म्हणाली. "रजिस्ट्रारकडे मावशींनी अजून सही केलेली नाही, त्यामुळे ती त्यांचीच. तुमचे पैसे याच्याकडून मागा. घड्याळापासून सुरुवात करा."

संध्याकाळी एदिवान निळ्या व्हॅनमधून आईला न्यायला आला. झुल्मिरा अजून मंदिराच्या पायरीवर होती. तिच्यामागे पन्नासेक माणसं रांगेत उभी होती.

"चल ना आई. काय करतेस इथे?"

"थांब रे." ती हवालदाराकडे वळली. "माझी ही एकच चिठ्ठी नाही, बाबा. अकरा वर्षांच्या आहेत. सगळ्या शोध. मी त्या पास्टरला लिहिल्या नव्हत्या."