चार सिलिंडर आणि एक पाय

"आमच्या गाडीला नायट्रस लावून द्याल का?"

हा प्रश्न तिचा नव्हताच मुळी! तो होता तिच्या दोन कॉलेज-मैत्रिणींचा, ज्या आत्ता समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाआड तोंडावर वह्या धरून फिदीफिदी हसत होत्या. पैज अशी, की इंजिनांच्या त्या वर्कशॉपात सरळ शिरायचं, तिथल्या चष्मेवाल्याला हे विचारायचं आणि अजिबात हसायचं नाही. वर्षभरापूर्वी ती जागच्या जागी मेली असती, पण गेली नसती. आता गोष्ट वेगळी होती. बाबांची जुनी गाडी चिंचोळ्या गल्लीतून रिव्हर्समध्ये बाहेर काढणाऱ्या मुलीला एका चष्म्याची काय भीती?

चष्मेवाल्यानं मान वर केली. हातात नुकताच पुसलेला पिस्टन, गालावर काळा फराटा... आणि डोळे असे, की ती पुढचं वाक्यच विसरली.

"गाडी कोणती?"

"आहे एक. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी."

"मग नायट्रस कोणाला हवाय? तिला की तुम्हाला?"

"अरे, आलेल्या गिऱ्हाइकाला पळवून लावू नकोस!" आतून त्याच्या मामांचा आवाज आला. वर्कशॉप मामांचं, भाचा डिप्लोमा करून दोन वर्षांपूर्वी तिथेच चिकटलेला.

आणि का कोण जाणे, ती पैज विसरून खरं बोलायला लागली. "परवा चढावर आम्हाला एका सायकलवाल्यानं मागे टाकलं. वर घंटी वाजवून गेला, मेला! बाबा म्हणाले, इंजिन गेलं असेल तर सोमवारी गाडी भंगारात. मला ती जाऊ द्यायची नाहीये हो... गाडी शिकले ना तिच्यावर. म्हणून म्हटलं, जोर वाढवावा. नायट्रस, नाहीतर ते दुसरं, सुपरचार्जर."

तो हसला नाही. हे तिला फार म्हणजे फारच आवडलं.

"नायट्रसचा गॅस म्हणजे दमलेल्या माणसाच्या मागे कुत्रं सोडणं," तो म्हणाला. "पळेल, पण दोन मिनिटं. सुपरचार्जर छातीत हवा कोंबतो, त्यासाठी छाती धड हवी. आणि इंजिन नव्यानं बांधायचं तर सगळं खोला, मोजा, झिजलेलं बदला. महिना जातो."

"मग मी काय निवडू?"

"आधी सिलिंडरमधला दाब मोजू. शनिवारी घेऊन या तिला." मग चष्मा सारखा करत, अगदी हळूच, "...तुम्हीच घेऊन या."

शनिवारी ती घेऊन गेली. केस धुऊन. गाडीला कसली आलीये केसांची पर्वा, पण असो!

बॉनेट वर झालं. छपरातल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन त्याच्या खांद्यावर पडला होता. त्यानं चारही प्लग काढले, पहिल्या भोकात मीटर बसवला आणि म्हणाला, "मी सांगितलं की सेल्फ मारायचा. अॅक्सिलेटर पूर्ण दाबून ठेवा हं, इंजिनात हवा गेली पाहिजे. दाबलाय ना?"

"हो," ती म्हणाली. बॉनेटच्या फटीतून त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता... तेवढाही पुष्कळ होता.

काटा ऐंशीवर थांबला. दुसरा अठ्ठ्याहत्तर. तिसरा साठ. चौथा पुन्हा ऐंशी.

"किती यायला हवा?" तिनं विचारलं.

"दीडशेच्या आसपास." त्याचा आवाज एकदम लहान झाला. "चारही सिलिंडर गेलेत. पूर्ण बांधावं लागेल, आणि या वयाच्या गाडीला ते... मामा, तुम्ही सांगा ना."

मामांनी बाबांना फोन करून नायट्रसपासून दाबापर्यंत सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, ठीक आहे, सोमवारी भंगारवाल्याला तिकडेच पाठवतो. संपलं.

सोमवारी सकाळी ती शेवटचं भेटायला गेली. रडायचं नाही असं ठरवून गेली होती, त्यामुळे दारातच रडली. त्यानं नुसतं गाडीचं दार उघडून धरलं आणि पाठ करून उभा राहिला, तिला मोकळेपणी नाक ओढता यावं म्हणून.

ती बसली. स्टिअरिंगवर हात ठेवले. उजवा पाय आपोआप जागेवर गेला आणि पूर्ण दाबला गेला.

ब्रेकवर!

बाबांनीच लावलेली सवय. गाडीत बसलं की आधी ब्रेक. म्हणजे शनिवारी... अगं बाई गं!

"अरे ऐक!" ती किंचाळली. 'अहो' कुठे पळालं तिलाही कळलं नाही. "पुन्हा मोज! आत्ताच्या आत्ता! माझा पाय ब्रेकवर होता!"

"काय?" तो गर्रकन वळला. "मी विचारलं होतं की! तू हो म्हणालीस!"

"म्हणाले! तू काहीही विचारलं असतंस तरी हो म्हणाले असते!"

मामांनी हातातला पाना खाली ठेवला, घसा खाकरला आणि "भंगारवाल्याला फाटकावर थांबवतो," म्हणत ते निघून गेले.

"का?" त्यानं विचारलं. कान लाल.

"कारण मी... पायाकडे बघतच नव्हते. तुझ्याकडे बघत होते. आता मोजतोस का?"

त्याच्या हातून मीटर दोनदा निसटला. या वेळी तिनं अॅक्सिलेटर असा दाबला की पाय जमिनीला टेकला. एकशे पंचेचाळीस! एकशे अठ्ठेचाळीस! तिसरा... एकशे दहा. चौथा पुन्हा एकशे पंचेचाळीस! तिसऱ्यात त्यानं चमचाभर तेल सोडून परत मोजलं. काटा तिथेच राहिला.

"तेलानं दाब वाढला असता तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात असं ठरलं असतं," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. "नुसता एक व्हॉल्व्ह गेलाय, हवेची झडप. इंजिनाचं वरचं हेड उतरवून नवा बसवला की झालं. अगं, मी दोन दिवस जेवलो नाही नीट..."

"गाडीसाठी?"

"गाडीसाठी कशाला? ती गेली असती तर तू परत कशाला आली असतीस इथे?"

ती त्याच्याशेजारी जमिनीवरच बसली, धुतलेल्या कपड्यांनिशी. दोघंही वेड्यासारखी हसत सुटली.

घरी आई भाजी निवडत होती आणि बाबा पेपर उलटा धरून वाचल्यासारखं करत होते.

"गेली का गं गाडी?" बाबांनी पेपराआडूनच विचारलं.

"नाही. इंजिन चांगलंय. एक व्हॉल्व्ह गेलाय फक्त. मोजताना चूक माझी झाली होती."

पेपर खाली आला. बाबांनी इतका लांब श्वास सोडला की आईच्या पुढ्यातली पानं हलली. "बरं झालं बाई," ते पुटपुटले. "मला कुठे द्यायची होती... पण मग त्या नायट्रसचं काय?"

"नायट्रस नाही, सुपरचार्जर नाही. व्हॉल्व्ह बसवायचा, आणि तो मी बसवणार. रोज कॉलेज सुटलं की दोन तास. परीक्षा झाली की तिथेच इंजिन बांधायला शिकणार." तिनं एक श्वास घेतला. "आणि त्या वर्कशॉपातल्या चष्मेवाल्याला मी रविवारी आपल्याकडे चहाला बोलावलंय. मला तो आवडतो. त्याला सांगून झालंय, आता तुम्हाला सांगतेय."