वेळेआधी प्रसिद्ध झालेलं पान

प्रवासी बोटी चालवणाऱ्या लाँच कंपनीच्या कार्यालयात वेबसाइटचं काम मी एकटी बघते. वेळापत्रक, दर, रद्द फेऱ्यांच्या सूचना, झालं. बाकी वेळ साहेबांच्या प्रिंटरमधून अडकलेले कागद ओढून काढण्यात जातो. अठरा वर्षं झाली, आता त्या प्रिंटरला माझा हात लागल्याशिवाय करमत नाही.

त्या आठवड्यात विमेवाल्यांनी एक टूम काढली. अपघात झालाच तर वेबसाइटवर लगेच लावता येईल असं माहितीचं पान आधीच करून ठेवा म्हणाले. दिनांक, वेळ, फेरी, नातेवाईकांनी जमायची जागा, आणि खाली प्रवाशांची यादी. नावं टाकायची नाहीत असं बजावलेलं. वय, कपडे, सामान, एवढंच. छोट्या लाँचला बारा जागा, म्हणून मी बारा ओळींचा तक्ता केला. वेळेच्या चौकटीत शून्य-शून्य, जागेची चौकट रिकामी.

यादी नीट दिसते का बघायला पहिल्या ओळीत काहीतरी लिहायला हवं होतं. अशा वेळी मी नेहमी ताईलाच घालते. आईमागे तिनंच मला वाढवलं, तिचं सगळं मला तोंडपाठ. लिहिलं: स्त्री, वय ४६, निळा कोट. कोट मनाचाच. बाकी अकरा ओळी कोऱ्या ठेवल्या आणि डबा खायला उठता उठता जतन करायचं बटण दाबलं.

निदान मला तसं वाटलं. जतन आणि प्रकाशन ही दोन बटणं अगदी खेटून आहेत. साहेबांना तीनदा सांगून झालं होतं की ती लांब करून घ्या.

दीड वाजायला आला होता तेव्हा टेलिफोनवाले काका दारात आले. फोन, वायरलेस, चौकशीची खिडकी, सगळं तेच सांभाळतात.

"बाई, एक माणूस विचारतोय, दोन नंबरच्या गोदामात पाणी-बिणी आहे का. नातेवाईकांना तिथं बसायला सांगितलंय म्हणे."

"कुणाच्या नातेवाईकांना?"

"तेच मी विचारलं. तर म्हणाला, तुमच्याच वेबसाइटवर आहे. आणि रडायला लागला."

पान उघडलं. एक वाजून दहा मिनिटांपासून ते जगाला दिसत होतं. मी ते तडक उतरवलं आणि स्वतःला चार शिव्या घातल्या. मग मसुदा नीट वाचला.

जमण्याची जागा: धक्का क्रमांक दोन, गोदाम. हे मी लिहिलेलं नव्हतं.

वेळ: ३:२५. फेरी: दुपारी तीनची, छोटी लाँच. कोऱ्या ठेवलेल्या अकराच्या अकरा ओळी भरलेल्या. पुरुष, वय ५२, तपकिरी टोपी, अवजारांची पेटी. स्त्री, वय २४, काठीच्या आधाराने चालते. पहिल्या ओळीतला निळा कोट गेला होता. तिथं होतं: करडा स्वेटर, उजव्या कोपराला ठिगळ, कापडी पिशवी.

माझा स्वभाव भुताखेतांचा नाही. कुणीतरी खोडी काढली असणार म्हणून बदलांची नोंद उघडली. सगळे बदल माझ्याच खात्यावरून, एक वाजून बारा ते एक वाजून वीस. तेव्हा माझ्या हातात चमचा होता आणि समोर काका बसून त्यांच्या गुडघ्याचं पुराण लावून होते.

मी वेळ पुन्हा शून्य केली. जतन केलं. पान परत उघडलं तर ३:२५.

दर गुरुवारी ताई तीनच्या लाँचनं पलीकडच्या दवाखान्यात जाते, परिचारिका आहे तिथं. आज गुरुवार होता. मी फोन लावला.

"ताई, आज काय घातलंयस?"

"हे काय विचारणं झालं? स्वेटर. करडा."

"कोपराला काय झालंय?"

"फाटलं होतं. काल रात्री ठिगळ लावलं. तुला कुणी सांगितलं गं?"

साहेब जेवून अडीचला परतले तशी मी त्यांच्याकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, फेरी रद्द करायची तर कारण लिहावं लागतं. काय लिहू? पानाला स्वप्न पडलं?"

"पान येऊन बघा तरी."

"चुकून पान लावलंत ते आधी निस्तरा. मग बघू."

जागेवर परत आले तेव्हा तीनला पंधरा मिनिटं कमी होती. ताईला पुन्हा फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी सपशेल खोटं बोलले.

"मला चक्कर येतेय. डोळ्यांपुढे अंधारी आलीय. ये ना."

"लाँचमध्ये बसलेय गं मी. बरं, थांब. हलू नकोस. पाणी पी."

फोन हातात धरून मी संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले. पहिली ओळ कोरी झाली. वय गेलं, स्वेटर गेला, ठिगळ गेलं. मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडले. इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं.

डोकं वर केलं तेव्हा ओळ पुन्हा भरलेली होती.

मुलगी, वय ९, पिवळा फ्रॉक, लाल बूट. सामान नाही.

ताई धापा टाकत आत आली. माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप नाही. पार घाबरवलंस मला. बरं, जागा काही वाया गेली नाही हो. एका बाईंना तिकीट मिळालं होतं, त्यांच्या लेकीला नव्हतं. रडवेली झाली होती पोर. म्हटलं, बस माझ्या जागेवर."

घड्याळात तीनला चार मिनिटं कमी होती. मी काकांच्या टेबलावरचा वायरलेस ओढून घेतला. कप्तानाला म्हटलं, लाँच सोडू नका, सगळ्यांना खाली उतरवा.

"हुकूम कुणाचा?"

"साहेबांचा," मी म्हटलं. आजचं दुसरं खोटं.

लाँच सुटली नाही. वायरलेस हातात घेऊनच मी धावत पडद्यापाशी आले. ताई मागं उभी होती, तिला काहीच उमगत नव्हतं. बारावी ओळ कोरी झाली. मग नववी. तपकिरी टोपी गेली. काठीवाली जरा उशिरानं गेली, तिला उतरायला वेळ लागला असणार. मी एकेक ओळ मोजत होते.

अकरा ओळी कोऱ्या झाल्या.

पहिली तशीच होती.

वायरलेसवर कप्तान म्हणाला, "उतरले सगळे. लाँच रिकामी आहे. मी आतून बघितलं."

"पुन्हा बघा," मी म्हटलं.

"दोनदा बघितलं, बाई."

पानावरची वेळ बदलली होती. २:५९. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दोन मिनिटं झाली होती.

ताईचा हात माझ्या खांद्यावर होता. ऊबदार. ती इथं आहे याचा मला त्याही क्षणी आनंद होत होता. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तेवढ्यात चौकशीच्या खिडकीशी एक बाई आली. घाबरलेली नव्हती, थोडी वैतागलेली होती.

"माझी मुलगी इकडे आलीय का? माझ्या पुढेच उतरली. हात धरलेला होता मी तिचा."

काकांनी कागद पुढं ओढला. "असेल इथंच कुठंतरी. वय किती?"

"नऊ."

"कपडे?"

"पिवळा फ्रॉक. आणि बूट..." ती अडखळली. कपाळाला हात लावला. "सकाळी मीच तर घातले तिला. आठवतच नाहीये बघा."

"लाल," मी म्हणाले.

तिचा चेहरा एकदम उजळला. "हो, लाल. म्हणजे तुम्ही पाहिलंत तिला. कुठं आहे?"

काकांनी लिहायचं थांबवलं. ताईनं माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.