हर्टलचं पाणी

बॉनेट राहू दे उघडंच, डेक्लन. आधी शेकोटीपाशी ये. ऐन हिवाळ्यातला, जुलैचा गारठा आहे, इंजिन आपसूक थंड होईल. ब्रायनी, तूही बस, आणि माझ्या मगात थोडा चहा ओत.

पहाटे निघणार ना उत्तरेला? तुमची गाडी मी पाहिली. ऑइल ठीक आहे, पट्टा नवा आहे, स्टेपनीत हवा आहे. फक्त पाण्याचा कॅन एकच दिसला.

"अहो आल्फकाका, एक पुरे की. बिअर आहे ना भरपूर!"

बिअर! ऐकलंस ब्रायनी? याच्याशी लग्न करणार आहेस तू.

"अजून हो म्हटलेलं नाहीये मी."

शहाणी आहेस. मग दोघंही ऐका. हे काही माझ्या मनचं नाही. पास्कोंच्या टेगनच्या बाबतीत घडलंय, आणि त्या दिवशी तिला शोधायला मीच गेलो होतो.

गेल्या जानेवारीतला शेवटचा रविवार, आपला भर उन्हाळा. पास्कोंच्या फार्मवर बोअरच्या पंपाचं सील गेलं होतं, म्हणून पाण्याची ओढाताण. नवरा लेस गुरं गोळा करायला लांबच्या कुरणात गेलेला, रात्री तिकडेच झोपणार होता. तेव्हा टेगनच सील न्यायला इथे माझ्या रोडहाउसवर आली. बरोबर एल्सी, तिची सात महिन्यांची पोर. सील घेतलं, टपाल घेतलं, बायकोने केलेला ॲपल-पाय खाल्ला. ऊन उतरल्यावर निघायचं म्हणून थांबली. बरोबरच होतं ते. जानेवारीत दुपारी या रस्त्यावर तान्हं पोर घेऊन कोण जाईल?

निघताना मी सवयीने तिचं बॉनेट उघडलं. रेडिएटरचा वरचा पाइप दाबला. टोकाशी मऊ लागला आणि फुगलेला. म्हटलं, "टेगन, हा बदलू या."

ती म्हणाली, "लेस म्हणतो, आणखी एक उन्हाळा काढेल."

"लेसला म्हणावं, तू काढशील उन्हाळा. हा नाही काढणार."

हसली. म्हणाली, "पुढच्या खेपेला नक्की. कोंबड्या तहानेल्या आहेत, आल्फ. जाऊ दे मला."

आणि कोंबड्यांवरूनच मला विचारायचं सुचलं, पाणी किती आहे? आपल्याकडे दोन कॅन असतात ना नेहमी. निळा माणसांचा, काळा गाडीचा. तर तिने काळा कॅन सकाळी कोंबड्यांच्या पाण्याच्या कुंडीत रिकामा केला होता. पंप बंद, मुकी जनावरं, काय करणार? मी भरून देतो म्हटलं, तर काळा कॅन घरीच राहिलेला. निळ्यात मात्र पाणी होतं. निम्म्याहून थोडं जास्त. तोही काठोकाठ भरू म्हणेपर्यंत तिने गाडी सुरू केली.

गेली ती. रात्री चंद्र नव्हता.

अर्ध्या वाटेवर, जिथे दगडांची ती रास आहे ना रस्त्याच्या कडेला, तिथे तापमानाचा काटा सरसर वर चढला. समोरून वाफेचा लोट आला. टेगनने लगेच गाडी बंद केली. ती शहरातली पोर, अ‍ॅडलेडची. पण घाबरली नाही. बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या गरम झाकणाला हात लावला नाही, नाहीतर चेहरा भाजला असता. एल्सीला मागच्या सीटवर झोपवलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि वाट बघत बसली.

इंजिन निवल्यावर टॉर्च लावून पाहिलं. पाइप टोकाशी फाटला होता. तिने चाकूने फाटका तुकडा कापला, उरलेला पाइप ओढून बसवला, वरून टेप गुंडाळली, कुंपणाची तार पिळून आवळली. छान केलं होतं काम, मी नंतर पाहिलं ना.

"मग पाणी ओतायचं आणि निघायचं," डेक्लन, हेच म्हणणार होतास ना?

"हो, अजून काय?"

तिलाही तेच वाटलं. फोन लागत नव्हता. रेडिओवर नुसती खरखर. लेस सकाळपर्यंत घरी येणार नाही. आणि तो रस्ता तुला माहीत आहे, रविवारी रात्री कुत्रंही जात नाही. तिने निळा कॅन आणला, रेडिएटरचं झाकण काढलं, कॅन उचलला...

तेव्हा दगडांवर पाय वाजले.

हळूहळू येणारे. बूट घासत येणारे. आणि थांबले.

"पाणी आहे का?"

पुरुषाचा आवाज. कोरडा... पत्र्यावरून वाळू ओढावी तसा.

टेगनने टॉर्च फिरवली. उजेड जिथे संपतो, त्याच्याही पलीकडे कुणीतरी उभं होतं. हॅट दिसली. हात दिसले, लोंबणारे. चेहरा नाही.

तिला वाटलं, कुणा फार्मवरचा गुराखी असेल. आपल्याकडे पाणी मागणाऱ्याला नाव विचारत नाहीत. तिने एनॅमलचा मग भरला आणि म्हणाली, "या, घ्या ना."

"तू ठेव तिथे दगडावर. मी गाडीजवळ येत नाही."

तिने मग ठेवला. मागे वळली. गाडीशी पोचून पुन्हा बघते तो मग रिकामा. पिण्याचा आवाज नाही. पाऊल वाजलं नाही.

"आणखी आहे का?"

तिने दिलं.

पुन्हा रिकामा.

"आणखी?"

एल्सी मघापासून किरकिरत होती. ती एकदम गप्प झाली. टेगनने वळून पाहिलं. पोर डोळे उघडे ठेवून पडलेली. हूं नाही की चूं नाही.

टेगन मला म्हणाली, "आल्फ, पळून जावंसं वाटलं. पण कुठे पळणार? आणि नाही म्हणवेना. त्याची तहान खोटी नव्हती."

ती देत राहिली. कॅन हलका होत गेला. टॉर्चचा उजेड पिवळा पडला. मग लाल. दर खेपेला तो माणूस उजेडाच्या कडेलाच. उजेड आत सरकला, तसा तोही... एकेक पाऊल... आत.

"काका, पुरे हं."

घाबरलीस? सरक जवळ. थोडंच राहिलंय.

शेवटी कॅन तिरका करून पाहिला, तर तळाशी चार घोट. अंधारातून आवाज आला. आता अगदी जवळून.

"आणखी?"

 टेगनने कॅन छातीशी धरला.

"नाही," ती म्हणाली. "हे माझ्या लेकीचं आहे."



वारा नाही. किडा नाही.

मग...

"आणि गाडीला? गाडीला किती ठेवलंस?"

तिने रेडिएटरकडे पाहिलं. झाकण उघडं होतं. चार घोट तर चार घोट, ओतून सुरू करून पाहावं, हा विचार तिच्या मनात आला होता. खोटं नाही बोलली ती माझ्याशी. आला होता.

"काही नाही," ती म्हणाली. "गाडीला काही नाही."



मग श्वास. लांब... सुटल्यासारखा. आणि बूट घासत लांब गेले. दगडांच्या राशीपर्यंत ऐकू आले. त्याच्या पुढे नाही.

टेगनने काच चढवली, दारं लावली, एल्सीला पोटाशी घेतलं. रात्रभर डोळा लागला नाही.

आता माझं ऐका. सकाळी लेस घरी आला. घर रिकामं, कोंबड्या ओरडतायत. त्याने मला फोन केला. "आल्फ, टेगन तुझ्याकडेच राहिली ना रे?"

 म्हटलं, "ती काल संध्याकाळीच निघालीय."

लेस पलीकडून निघाला, मी इकडून. पण त्याचा रस्ता खडबडीत. मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. दुरून गाडी दिसली, बॉनेट वर. हॉर्न दिला. काही हललं नाही. त्या उन्हात, तान्हं पोर, आणि होतं नव्हतं ते पाणी तिने गाडीत ओतलं असणार... मी काय बघणार होतो ते मला ठाऊक होतं. 

उतरलो. गाडीच्या खाली सावलीत टेगन पडलेली. एल्सी तिच्या कुशीत, ओलं फडकं चोखत.

ओलं.

दोघींचे केस ओले, कपडे ओले. एल्सीने माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही.

मी टेगनला उठवलं. म्हटलं, "पाणी कुठलं?"

तिने कॅनकडे बोट दाखवलं. म्हणाली, "उजाडल्यावर शेवटचे घोट एल्सीला पाजावेत म्हणून हात घातला... उचलेचना, आल्फ."

मी उचलून पाहिला. एवढं वापरूनही अर्ध्याच्या वर भरलेला. ओतून बघितलं तर चहासारखं लाल. जुन्या लोखंडाचा वास, रबराचा वास. तिने ते लंगोटातून गाळून पाजलं होतं.

"रेडिएटरमधलं काढलं असेल तिने," असं तुझं म्हणणं, डेक्लन? मलाही आधी तेच वाटलं. पण हल्लीच्या गाडीत हिरवं कूलंट असतं, विषारी. तिच्या गाडीचं कूलंट सगळं रस्त्यावर सांडून वाळलं होतं, हिरवा डाग दिसत होता. रेडिएटर कोरडा ठणठणीत. लाल पाणी फक्त जुन्या गाड्यांत व्हायचं. माझ्या बापाच्या काळातल्या. तेव्हा साधं पाणी घालायचे आणि लोखंड गंजायचं.

आणखी एक. तिची गाडी मी ओढून आणली, उघडली. पाइप तिने नीट केला होता, पण ते वरवरचं दुखणं. खाली इंजिनचा पाण्याचा पंपच फुटला होता. ओतलेलं पाणी दोन वळणंही टिकलं नसतं. मग ती पुढे उघड्या मैदानात अडकली असती. पाणी संपलेलं, गाडी संपलेली.

"आणि तो माणूस?"

सांगतो, ब्रायनी. ती दगडांची रास कुणाची, हे टेगनला ठाऊक नव्हतं. लेसलाही नाही. ती माझ्या बापाने रचलीय. बाप तरुण असताना त्या जागी हर्टल नावाच्या एका माणसाची गाडी बंद पडली होती. असाच जानेवारी. त्याच्यापाशी पाण्याची पखाल होती. सगळी त्याने रेडिएटरमध्ये ओतली. गाडी चालू झाली की घरी जाऊन पोटभर पिऊ, एवढाच विचार. गाडी चालू झालीच नाही. मग तो पायी निघाला, आणि पुन्हा गाडीकडे परत आला. रेडिएटरच्या खाली तोटी असते, ती उघडली असती तरी वाचला असता. पण तहानेने डोकं जागेवर राहत नाही.

माझ्या बापाला तो सापडला. गाडीला टेकून बसलेला. तोंडात वाळू... आणि मागे रेडिएटर काठोकाठ भरलेला.

म्हणून माझा बाप प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, पहिलं पाणी माणसाचं. गाडी मागे. ती थांबेल तिथे तुम्ही थांबा.

काय रे डेक्लन, कुठे निघालास?

"दुसरा कॅन भरतो, काका. पटकन येतो."

ये. हातमोजे घाल, हात गारठतील, आणि येताना खिडकीबाहेरच्या कठड्यावर एक काचेची बरणी आहे, ती घेऊन ये. टेगनच्या कॅनमधलं थोडं पाणी मी ठेवलंय तिच्यात. संध्याकाळपासून बाहेरच आहे. कठड्यावर बर्फाची साय धरलीय बघ, दिसते का इथून, ब्रायनी?

"दिसते. पण बरणीभोवती नाही धरलेली."

हं.

आणलीस? दे तिच्या हातात. जपून, डेक्लन. झाकण घट्ट आहे.

धर, ब्रायनी. दोन्ही हातांनी धर.

...

"काका... ही गरम आहे."

हो. आत्ताच इंजिन बंद केल्यासारखी.

जानेवारीपासून तशीच आहे.