वाऱ्याविरुद्ध साडेपाच तास

तेव्हा रापा नुई बेटावर आठवड्याला दोनच विमानं यायची आणि प्रत्येक विमानाला अर्धं गाव हजर असायचं. "चष्मा लावतो, एकटा आहे, सांतियागोहून येतोय," एवढीच खूण सांगून मावशीनं मेराहीला भाड्यानं खोली घेतलेला पाहुणा आणायला धाडलं होतं. चष्मेवाला, एकटा माणूस दिसताच मेराहीनं चाफ्याची माळ त्याच्या गळ्यात घातली. तो निमूटपणे तिच्या मागोमाग जीपपर्यंत आला... आणि खरा पाहुणा धापा टाकत मागून हजर!

"अहो, मग बोलायचं नाही का?" मेराही लाजून लाल झाली.

"पावणेचार हजार किलोमीटर आलोय, साडेपाच तास अवघडून बसून. इतक्या प्रेमानं कुणी माळ घातल्यावर – मी कशाला बोलू?"

माळ काही त्यानं परत केली नाही. त्याचं नाव इलारियो. हवामान केंद्रावर वर्षभरासाठी आला होता. रोज आभाळात फुगा सोडायचा नि वारा मोजायचा. मेराहीला त्या बाजूला रोज काही ना काही काम निघू लागलं. कधी पेरू द्यायचे, कधी नुसताच घोडा फिरवायचा. गावाला सगळं आधी कळलं, या दोघांना उशिरा.

"परत जाताना मात्र पावणेपाचच तास," एकदा तो फुग्याकडे बघत म्हणाला. "वारा इथून तिकडे वाहतो ना! येताना विमानाला त्याच्याशी भांडावं लागतं."

"म्हणजे वारासुद्धा तुझ्याच गावाला सामील. इथून जाणं सोपं, आणि येणं..."

तिच्या थोरल्या बहिणीचा माणूस असाच तिकडे गेला होता. त्याचं एक पत्र आलं, मग तेही नाही.

वर्ष सरलं. निरोपाच्या दिवशी रिवाजाप्रमाणे जो तो इलारियोच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घालत होता. हनुवटीपर्यंत माळा झाल्या, तरी त्याचे डोळे मेराहीलाच शोधत होते. ती उभी होती, रिकाम्या हातांनी.

"तुझी माळ कुठंय?"

"घरी. खिळ्याला."

"विसरलीस?"

"महिनाभर बसून ओवलीय, विसरेन कशी?" ती म्हणाली. "ती जाणाऱ्याला घालतात, इलारियो. तू जावंस असं मला वाटतच नाही... प्रेम आहे माझं तुझ्यावर. जा आता, वारा आहेच न्यायला. यायचं की नाही, ते तू ठरव."

पुढचे पाच महिने ती प्रत्येक विमानाला चाफा घेऊन जात राहिली. "घरात एकही खोली रिकामी नाही, आता कुठला पाहुणा आणतेस?" मावशी चिडवायची, आणि हळूच फुलं वेचून द्यायची.

एका बुधवारी विमानाला बराच उशीर झाला. समोरून वारा फार होता म्हणे. सगळ्यात शेवटी तो उतरला. हातात दोन बॅगा, चष्मा नाकावर घसरलेला.

"बाई, माणूस चुकत नाही ना?" त्यानं मान पुढे केली.

"या वेळी नाही," ती म्हणाली, आणि माळ घालता घालता सगळ्यांदेखत रडली.

आता दोघांचेही केस पिकलेत. डोळे तपासायला इलारियो अधूनमधून सांतियागोला जातो. निघताना दरवेळी दारापाशी घुटमळतो.

"आज तरी घाल ती माळ!"

"आधी परत ये."

शिंपल्यांचा दोरा आजवर तीनदा बदलावा लागलाय. माळ अजून खिळ्यालाच आहे.