आधी भुईला

बस गं सविता, एवढ्या अंधारात जिना उतरू नकोस. लोडशेडिंग आठपर्यंत आहे. मेणबत्ती लावलीय, कोकम सरबत घे. मला नको, डॉक्टरांनी माझी साखर बंद केलीय, म्हणून चवही न घेता केलंय. तू विचारत होतीस ना, आमच्या ह्यांची दारू कशी सुटली म्हणून? ऐक तर मग.

आमचे हे, प्राध्यापक धनराज आहेर, ग्रीक पुराणकथांचे अभ्यासक. नाशकात राहून जन्मभर संसार केला तो डायोनिससशी. हा तिकडचा मद्याचा देव. ह्यांचं म्हणणं असं, की त्याच्या पूजेतली दारू साधी नव्हती. तिच्यात मुळ्या, पाला असं काहीबाही मुरवत, म्हणून भक्तांना देव दिसे. आता सिद्ध करायचं तर प्यायला हवं. वीस वर्षं पीत होते बिचारे, शास्त्रासाठी! देव काही दिसला नाही, कावीळ तेवढी झाली. डॉक्टरांनी बजावलं, "आता थेंब जरी गेला, तर यकृत गेलं." मी रडले, भांडले, बाटल्या मोरीत ओतल्या. काही उपयोग नाही.

मग एका रविवारी हे निघाले विंचूरला, जुन्या विद्यार्थ्याच्या द्राक्षबागेत. त्यानं घरच्या घरी वाइन केली होती आणि ह्यांनी तिच्यात स्वतः निवडलेल्या मुळ्या मुरवल्या होत्या. "शेवटचा प्रयोग," म्हणाले. मीही मागोमाग गेले. शेवटचा म्हणजे कोणता शेवट, ते मला ठाऊक होतं.

बागेतल्या शेडमध्ये बसलो. दिवस कलला होता. सडक्या द्राक्षांचा आंबूस वास, आणि वारा नसताना मांडवाच्या तारा बारीक वाजत होत्या. हरसूलकडून छाटणीला आलेली भागीबाई दाराशी विडी ओढत बसली होती. ह्यांनी ग्लास भरला तशी म्हणाली, "सायेब, आधी भुईला द्या थोडी."

"का?"

"खालची तहानलेली असत्यात ना... आमच्याकडं कुनी बी आधी भुईला दिल्याबिगर पीत नाय."

हे खूश! "अगं, ग्रीकसुद्धा अस्संच करत! माझं अख्खं प्रकरण आहे ह्यावर!" लगेच पेन काढून लिहून घेतलं. पण ओततील तर शपथ. "प्रमाण मोजून घेतलंय भागीबाई, थेंब कमी झाला तर प्रयोग बिघडेल." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

डोळे मिटून काहीतरी ग्रीक पुटपुटले, ग्लास ओठाला लावला. रिकामा.

"तू ओतलीस?"

"मी हात मांडीवर ठेवून बसलेय."

दुसरा भरला. ह्या वेळी डोळे उघडे ठेवले. आणि सविता... आमच्यादेखत ती लाल रेघ खाली खाली उतरत गेली. घट्... घट्... आवाज इतक्या जवळून, की वाटलं माझ्याच कानात येतोय. तिसऱ्याचंही तेच झालं.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मी मात्र, खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात हात जोडले. वीस वर्षांत मला जमलं नव्हतं ते कुणीतरी तीन ग्लासांत करून दाखवलं होतं! मला इतकं हसू आलं की थांबेना. उठले तर तोलच सावरता येईना. दिवसभराचं ऊन बाधलं असणार.

"भागीबाई," ह्यांनी हळूच विचारलं, "कोण... पितंय?"

"ते काय ठावं. पर त्याला तोंड नसतंय सायेब... कुनाचं तरी घ्यावं लागतं."

ती ग्लासाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मग विडी विझवली आणि पाठमोरी न होता, तशीच मागे सरकत बाहेर गेली.

तेव्हापासून ह्यांच्या ओठापर्यंत एक घोट पोहोचेल तर ना! घरी, लग्नात, कुठंही भरा, ग्लास आधीच रिकामा. शेवटी कंटाळून सोडलीच. आता बघतेस ना, कसे टुणटुणीत झालेत. मी रोज देवापुढे दिवा लावताना त्या अनोळखी तहानलेल्यासाठीही हात जोडते.

फक्त परवा पाय सुजले म्हणून ह्यांच्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोट तपासलं, सोनोग्राफी केली. मग दार लावून घेऊन हळूच विचारलं, "वहिनी... तुम्ही किती वर्षं घेता?"

मी! जिनं उभ्या जन्मात थेंबाला स्पर्श केला नाही! सांग बाई, डॉक्टरांना काय म्हणावं?

अगंबाई, आले लाइट. का गं, रिकाम्या ग्लासाकडे अशी काय बघतेस? अजून घोटही घेतला नव्हतास? आण इकडे, दुसरं करून देते. ह्यात साखरही जरा जास्तच पडली होती.